परीक्षेत उत्तीर्ण, वर्गात मात्र खालची पायरी

पत्र : “मी मूळची सांगलीची. पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेत असताना संध्याकाळच्या वर्गांत जपानी शिकले आणि जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची एन-४ ही पाचांपैकी खालून दुसरी पातळी ११२ गुणांनी उत्तीर्ण झाले (श्रवणात ६० पैकी २४). गेल्या एप्रिलपासून मी जपानमधील ओकायामा येथे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे. पहिल्या सत्रात विद्यापीठाचा मध्यम पातळीचा जपानी वर्ग घेतला होता. पण वर्गातील चिनी विद्यार्थ्यांची कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी लिपिचिन्हे, इतकी पक्की होती की मी मागे पडत गेले, आणि प्रयोगशाळेतील कामाचे निमित्त होऊन जूनमध्ये वर्ग सुटला. ऑक्टोबरच्या नव्या सत्रासाठी पुन्हा स्तरनिश्चिती झाली. लेखी भाग बरा गेला, पण दहा मिनिटांच्या मुलाखतीत मला बोलताच आले नाही आणि मला प्रारंभिक पातळीच्या उत्तरार्धाचा वर्ग देण्यात आला. म्हणजे जे पुण्यात शिकून आले तेच पुन्हा. हा अपमान वाटतो. वरचा वर्ग मागावा, की या वेळी वर्गच घेऊ नये? माझे प्राध्यापक म्हणतात की संशोधनाला इंग्रजी पुरेसे आहे. डिसेंबरच्या एन-३ साठी मी नाव नोंदवले आहे, ती काळजी वेगळीच. शेजारच्या आजी रोज सकाळी अंगण झाडताना मला काहीतरी विचारतात आणि मी नुसती मान हलवून निघून जाते. याचे मला सर्वांत वाईट वाटते.”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती तुम्ही कंसात लिहिली आहे : श्रवणात ६० पैकी २४. एन-४ परीक्षा १८० गुणांची असते आणि ९० गुणांना माणूस उत्तीर्ण होतो. त्यांतील १२० गुण शब्दसंग्रह, व्याकरण आणि वाचन यांना असतात व ६० श्रवणाला. पहिल्या भागात किमान ३८ आणि श्रवणात किमान १९ गुण मिळवावे लागतात. तुमच्या ११२ गुणांपैकी ८८ गुण वाचून सोडवायच्या भागातून आले आहेत आणि श्रवणात तुम्ही किमान मर्यादेच्या जेमतेम पाच गुण वर आहात. शिवाय ही परीक्षा संपूर्णपणे पर्याय निवडण्याची असते. तीत उमेदवाराला एक वाक्यही बोलावे लागत नाही की लिहावे लागत नाही. तुम्हाला जपानी बोलता येते असे त्या प्रमाणपत्राने कधी म्हटलेच नव्हते, कारण त्याने तो प्रश्न विचारलाच नव्हता. विद्यापीठाच्या मुलाखतीने तो विचारला. दोन्ही निकाल खरे आहेत, दोन्ही तुमचेच आहेत आणि त्यांत विसंगती नाही. पुण्यात कष्टाने मिळवलेले वाचन आणि व्याकरण कोणी काढून घेतलेले नाही. ते तोंडात आणि कानात उतरायचे राहिले आहे, इतकेच या स्तरनिश्चितीने सांगितले.

माझा सल्ला असा की तुम्हाला मिळालेला वर्ग घ्यावा, तो पूर्ण करावा आणि तो बोलण्यासाठी वापरावा.

अपमान वाटणे स्वाभाविक आहे हे मी मनापासून मान्य करते. मी स्वतः जपानमध्ये शिकायला गेले तेव्हा मलाही खालची पातळी मिळाली होती, आणि मी शिक्षकांकडे जाऊन, भारतातील गुणपत्रिका दाखवून, वरचा वर्ग मागून घेतला होता. त्यांनी फारसा विरोध केला नाही. ते सत्र मी जवळजवळ गप्प बसून काढले. पाठ्यपुस्तकातील उतारे मला समजत असत, गृहपाठही वेळेवर होत असे. पण जोडीने संवाद करण्याची वेळ आली की समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत मी त्याच्या पहिल्या शब्दातच अडकलेली असे. सत्राच्या अखेरीस प्रत्येकाने पाच मिनिटांचे सादरीकरण करायचे होते. मी ते पाठ केले होते आणि ते नीट झालेही, परंतु त्यानंतर एका विद्यार्थ्याने विचारलेला अगदी साधा प्रश्न मला कळला नाही, आणि दोनदा पुन्हा विचारल्यावरही कळला नाही, तेव्हा मी जागेवर जाऊन बसले. पुढच्या सत्रात मी स्वतःहून एक पातळी खाली गेले. तिथे मला व्याकरणाची भीती नव्हती, म्हणून सगळे लक्ष बोलण्याकडे देता आले, आणि जपानी भाषेत मी पहिल्यांदा न घाबरता हसले ते त्या वर्गात. तुमचे सत्र त्या सहा महिन्यांसारखे वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर सांगितले.

अर्थात स्तरनिश्चिती कधी कधी चुकतेही, आणि मुलाखतीच्या दिवशी माणूस घाबरून गप्प होऊ शकतो. म्हणून निर्णय माझ्या शब्दावर सोडू नका. स्वतःची चाचणी घ्या. फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करून, पुस्तक मिटून, दोन-दोन मिनिटे बोलून पाहा : काल प्रयोगशाळेत तुम्ही क्रमाने काय काय केले, उशीर झाला तर त्याचे कारण काय सांगाल, कोणी जेवायला बोलावले आणि जाता येणार नसेल तर त्यांना न दुखावता कसे सांगाल, ओकायामात आल्यापासून तुम्हाला कोणी कोणती मदत केली. मग ते ऐका. चारांपैकी तीन विषयांवर वाक्ये आपोआप येत असतील, तर पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना भेटून वर्ग बदलण्याविषयी जरूर विचारा, कारण असा बदल सहसा सत्राच्या सुरुवातीच्या मुदतीतच होऊ शकतो. पण दर वाक्याला मनात आधी मराठी किंवा इंग्रजी वाक्य जुळवावे लागत असेल, तर विद्यापीठाने वर्ग योग्य दिला आहे असे समजा.

आता त्या वर्गात असते काय, याकडे जरा थांबून पाहू. “तेच पुन्हा” हे तुमचे शब्द मला खटकले आहेत. प्रारंभिक पातळीचा उत्तरार्ध हा जपानी व्याकरणाचा असा भाग आहे की जिथे मराठी माणसाला आपले घर दिसावे. क्रियापदाच्या ‘ते’ रूपाला, म्हणजे आपल्या ‘खाऊन’, ‘घेऊन’ यांसारख्या रूपाला, दुसरे क्रियापद जोडण्याची जी पद्धत तुम्ही तिथे शिकाल, ती आपण लहानपणापासून वापरत आलो आहोत. ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन बघणे’, ‘कात्ते ओकु’ म्हणजे ‘विकत घेऊन ठेवणे’, ‘मोत्ते कुरु’ म्हणजे ‘घेऊन येणे’. ‘शिमाउ’ हे क्रियापद तर विशेष लक्ष देण्यासारखे आहे : ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’, पण तेच रूप ‘वासुरेते शिमात्ता’ असे आले की त्यात पश्चात्ताप येतो आणि त्याचे मराठी ‘विसरून बसले’ असे होते. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला हे सगळे नियम म्हणून पाठ करावे लागते. तुम्हाला ते फक्त ओळखायचे आहे, आणि ओळखण्यासाठी इंग्रजी मधून काढून टाकायचे आहे. पुण्यातील वर्गांत टिपणे बहुधा इंग्रजीत काढलेली असतात; या वेळी वहीत प्रत्येक रचनेपुढे तिचे मराठी रूप लिहा. सांगलीत जसे बोलाल तसे लिहा, ग्रांथिक मराठीत नको.

सकर्मक आणि अकर्मक क्रियापदांच्या जोड्या याच भागात येतात. तोडणे-तुटणे, पाडणे-पडणे, सोडणे-सुटणे अशा जोड्या मराठीत ढिगाने आहेत, त्यामुळे ‘ओतोसु’ (पाडणे) आणि ‘ओचिरु’ (पडणे) यांत तुमचा गोंधळ होण्याचे कारण नाही. त्यामागील सौजन्यही आपले ओळखीचे आहे. पाहुण्यांसमोर चहा ठेवताना आपण “मी चहा केला” असे सहसा म्हणत नाही, “चहा झाला” म्हणतो. जपानी गृहिणीही नेमके तेच करते आणि ‘ओचा गा हाइरिमाश्ता’ म्हणते. स्वतःच्या श्रमाचा उल्लेख दोघीही टाळतात.

मात्र मराठी जिथे आधार देते तिथेच ती कधी पायही अडकवते, आणि तुमच्यासारख्या व्याकरण येणाऱ्या विद्यार्थिनीच्या बोलण्यातील चुका बहुतांशी तिथल्याच असतात. आपण “खोलीत आहे” म्हणतो आणि “खोलीत अभ्यास करते” असेही म्हणतो; जपानीत पहिल्या ठिकाणी ‘नि’ लागतो व दुसऱ्या ठिकाणी ‘दे’. आपण “दादाने मला दिले” आणि “मी दादाला दिले” या दोन्हींत ‘देणे’ वापरतो. जपानीत वस्तू माझ्याकडे आली तर ‘कुरेरु’ आणि माझ्याकडून गेली तर ‘आगेरु’. हा निव्वळ व्याकरणाचा भेद नाही. प्रयोगशाळेतील वरिष्ठाने यंत्र कसे चालवायचे ते शिकवले, हे सांगताना ‘ओशिएते कुरेमाश्ता’ म्हटले नाही आणि नुसते ‘ओशिएमाश्ता’ म्हटले, तर वाक्य चूक नसते, पण त्यातली कृतज्ञता निघून जाते आणि ऐकणाऱ्याला ते कोरडे वाटते. कोणी हाक मारली की आपण “आले, आले” म्हणतो. जपानी माणूस अशा वेळी ‘इमा इकिमासु’, म्हणजे ‘आत्ता जाते’, असे म्हणतो. आणि सर्वांत जपायचे ते ‘तुम्ही’. मराठीत “सर, तुम्ही” हा पूर्ण आदराचा प्रयोग आहे, म्हणून आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडून प्राध्यापकांसाठी सहज ‘आनाता’ निघून जाते. जपानीत वरिष्ठांना ‘आनाता’ म्हणत नाहीत. ‘सेन्सेइ’, म्हणजे ‘गुरुजी’, म्हणायचे, किंवा आडनावाला ‘सान’ लावायचे, किंवा कर्ता पूर्णपणे गाळून क्रियापदाच्या आदरार्थी रूपावर भार टाकायचा.

उच्चारात तुम्हाला एक लाभ आहे आणि एक अडचण. ‘चमचा’ शब्दातला च आणि ‘जाळे’ शब्दातला ज आपल्या जिभेवर असल्यामुळे ‘त्सु’ आणि ‘झु’ यांच्या जवळ मराठी माणूस सहज पोहोचतो. ‘किते’ आणि ‘कित्ते’ यांतला भेदही ‘पता’ आणि ‘पत्ता’ म्हणणाऱ्याला अवघड नाही. पण स्वर लांबवण्याची आपल्याला सवय नाही. आपण ऱ्हस्व-दीर्घ लेखनात पाळतो, बोलण्यात फारसे पाळत नाही, आणि जपानीत तो स्वर एक संपूर्ण मात्रा जास्त घेतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीइरु’ म्हणजे बिअर. टाळी वाजवून मात्रा मोजत दहा मिनिटे रोज मोठ्याने वाचा. दोन आठवड्यांत फरक ऐकू येईल, आणि जे तोंडाने वेगळे करता येते ते कानालाही वेगळे ऐकू येऊ लागते, म्हणून ही सवय श्रवणासाठीसुद्धा आहे.

चिनी सहाध्यायांविषयी. त्यांची आणि तुमची स्पर्धा नाही, कारण तुम्ही दोघी वेगवेगळ्या वाटेने त्याच गावाला निघाला आहात. त्यांना कांजीचा अर्थ आधी माहीत असतो, पण जपानी उच्चार माहीत नसतात, आणि अर्थही पुष्कळदा फसवतो : जपानीत ज्या दोन चिन्हांचा अर्थ ‘पत्र’ होतो, त्याच दोन चिन्हांचा आजच्या चिनी भाषेत अर्थ ‘शौचालयातला कागद’ असा होतो. उलट क्रियापद वाक्याच्या शेवटी येणे, नामामागून विभक्तीसारखा प्रत्यय येणे, ही त्यांना नवी असलेली रचना तुमच्या मातृभाषेत आहे. शेजारी चिनी विद्यार्थिनी बसली असेल तर तिच्याकडून कांजी समजून घ्या आणि तिला ‘खाऊन बघणे’ समजावून सांगा, जपानीतूनच.

कांजीचा अभ्यास मात्र टाळता येणार नाही. नित्य वापराच्या सरकारी यादीत २,१३६ चिन्हे आहेत आणि ती सगळी समोर ठेवली तर कोणाचाही धीर सुटेल. तुम्ही प्रयोगशाळेच्या दारापासून सुरुवात करा. ‘ओन्दो’ म्हणजे तापमान, ‘सोकुदो’ म्हणजे वेग, ‘काकुदो’ म्हणजे कोन, ‘नोओदो’ म्हणजे द्रावणाची संहती. चारही शब्दांतले शेवटचे ‘दो’ हे एकच चिन्ह आहे आणि ते मोजमाप दाखवते, जसे आपल्या ‘तापमान’ या शब्दात ‘मान’. त्याला मोजण्याच्या उपकरणाचे ‘केइ’ हे चिन्ह जोडले की ‘ओन्दोकेइ’, म्हणजे तापमापी, तयार होतो. आपले विज्ञानाचे पारिभाषिक शब्दही असेच संस्कृत घटक जोडून झालेले आहेत, त्यामुळे मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना ही जुळणी पटकन उमगते असे मी शिकवताना वारंवार पाहिले आहे. टाकाऊ द्रावणाच्या पिंपावरचे ‘हाइएकी’, धोक्याच्या पाटीवरचे ‘किकेन’, फलकावरचे ‘शिमेकिरि’, म्हणजे अंतिम मुदत : आठवड्याला अशी दहा चिन्हे, हाताने लिहून. यादी पाठ्यपुस्तकाशी जुळली नाही तरी चालेल.

आता प्राध्यापकांचा मुद्दा. संशोधनाला इंग्रजी पुरेसे आहे, हे त्यांचे म्हणणे संशोधन-निबंधापुरते खरे असेल. पण प्रयोगशाळेत दुपारच्या जेवणाला कोण कोणाशी काय बोलते, यंत्र बिघडले तर तंत्रज्ञ काय सांगतो, सुरक्षेची सूचना अचानक देण्यात आली तर ती कोणत्या भाषेत असते, याचा अनुभव तुम्ही सहा महिने घेतला आहे. तुम्ही त्यांच्या म्हणण्याला विरोध करू नका आणि त्यांना न सांगता वर्गातही जाऊ नका. जूनमध्ये वर्ग सुटला त्याचे मूळ, माझ्या अंदाजाने, इथेच आहे : वर्गाच्या वेळा प्रयोगशाळेत कोणाला माहीत नव्हत्या, म्हणून त्या वेळेत काम लागले आणि तुम्हाला नाही म्हणता आले नाही. जपानी कामाच्या जागी ‘होओकोकु, रेन्राकु, सोओदान’ ही त्रिसूत्री सर्वांना ठाऊक असते, म्हणजे अहवाल देणे, कळवणे आणि निर्णयापूर्वी विचारणे. तिच्या आद्याक्षरांतून ‘होओरेन्सोओ’ हा पालकाच्या भाजीचा शब्द तयार होतो, म्हणून ती लक्षातही राहते. यांतला ‘सोओदान’ तुम्हाला करायचा आहे. सत्र सुरू होण्यापूर्वी भेटीची वेळ घ्या आणि ‘गोसोओदान शिताइ कोतो गा आरु नो देसु गा’ असे म्हणून थांबा. वाक्याच्या शेवटचा तो अर्धवट ‘गा’ म्हणजे आपल्या “जरा बोलायचं होतं...” मधली टिंबे आहेत, पुढचे दार समोरच्याने उघडायचे असते. मग आठवड्यातल्या वर्गाच्या तासिकांचे वेळापत्रक कागदावर दाखवून, त्या वेळेत लांबणारे प्रयोग लावू नयेत आणि त्याऐवजी कोणत्या वेळी काम भरून काढाल, हे सांगा. परवानगी मागितल्यासारखे नव्हे, नियोजन मांडल्यासारखे सांगा. इथे इंग्रजीचा आधार घेतला तरी चालेल. पहिले वाक्य मात्र जपानीत असू द्या.

उपस्थितीकडे या वेळी काटेकोरपणे पाहा. अनेक विद्यापीठांत दोन तृतीयांशपेक्षा कमी उपस्थिती असल्यास मूल्यमापनच केले जात नाही. पण त्याहून मोठा तोटा असा की भाषेच्या वर्गात सलग दोन तासिका चुकल्या की तिसऱ्या तासिकेला जाण्याची लाज वाटू लागते, आणि वर्ग सुटतो तो त्या लाजेमुळे. तासिका चुकणार असेल तर आदल्या दिवशी शिक्षकांना दोन ओळींचा जपानी निरोप पाठवा. चुकांसकट पाठवा. पुढच्या वेळी आत जाणे सोपे होते.

एन-३ विषयी थोडक्यात. ऑक्टोबरच्या आरंभापासून डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत नऊ-एक आठवडे आहेत. तिथे १८० पैकी ९५ गुण लागतात आणि शब्द-व्याकरण, वाचन व श्रवण या तिन्ही भागांत प्रत्येकी किमान १९. नाव नोंदवले आहे तर परीक्षा अवश्य द्या, पण तिच्या सरावपुस्तिकांसाठी वर्गाचा गृहपाठ मागे ठेवू नका. वाचन तुम्ही ओढून न्याल. रोज वीस मिनिटे एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतील बातम्या ऐका आणि निवेदकाच्या पाठोपाठ, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, तेच शब्द मोठ्याने म्हणत जा. आधी मजकूर पाहू नका; ऐकून झाल्यावर पाहा. या परीक्षेत अपयश आले तरी मला काळजी वाटणार नाही. मला काळजी मार्च महिन्याची वाटते, कारण जपानमध्ये नोकरी करण्याचा थोडाही विचार मनात असेल, तर तुमच्या तुकडीसाठी कंपन्यांची माहितीसत्रे येत्या १ मार्चपासून रीतसर सुरू होतील, पुष्कळ कंपन्या एन-३ च्या वरच्या एन-२ पातळीची अपेक्षा ठेवतात, आणि मुलाखत तोंडी असते. विचार नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

वर्गाबाहेर बोलायला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. शहरातील आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण केंद्रात आणि ‘कोओमिन्कान’ या वस्तीतल्या सार्वजनिक सभागृहांत स्वयंसेवक परदेशी लोकांसाठी जपानी संभाषणाचे वर्ग चालवतात. हे स्वयंसेवक बहुधा निवृत्त लोक असतात, त्यांना घाई नसते आणि ते तुमचे वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहतात. त्यांच्यापाशी बोलायला तुमच्याकडे एक उत्तम विषय आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, ते ओकायामातील कोराकुएन या उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले आहे. कोराकुएन पूर्ण झाले १७०० मध्ये, आणि जपानच्या तीन प्रसिद्ध उद्यानांत ते गणले जाते. सुट्टीच्या दिवशी तिथे जा, पुण्यातले उद्यान आठवा, काय सारखे आहे आणि काय वेगळे आहे ते टिपून घ्या, आणि वर्गातील पहिल्या सादरीकरणाला हाच विषय घ्या. ओकायामाचा माणूस आपल्या उद्यानाविषयी ऐकून गप्प बसणार नाही. तो प्रश्न विचारेल, आणि ते प्रश्न तुम्हाला साधारण काय असतील हे आधीच ठाऊक असेल.

ऐकताना मात्र गप्प राहू नका. जपानी माणूस बोलत असताना समोरच्याने ‘हाइ’, ‘एए’, ‘सोओ देसु का’, म्हणजे “हो”, “हं”, “असं का”, असे मध्ये मध्ये म्हणत राहावे अशी त्याची अपेक्षा असते. नुसती मान हलवली तर ऐकू येते आहे की नाही, अशी शंका त्याला येते. आजीकडून गोष्ट ऐकताना आपण हुंकार देत असू, आणि हुंकार थांबला की आजी “झोपलीस का गं?” असे विचारत असे. तसेच हे आहे. दुकानातले बोलणे पुस्तकासारखे नसते, हेही तुम्ही अनुभवले असेल : २०२० च्या जुलैपासून दुकानांत प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, त्यामुळे गल्ल्यावर रोज पिशवी हवी का असे विचारले जाते, पण ते अतिआदरार्थी भाषेत आणि भरभर. तो आदरार्थी भाग तुमच्या वर्गाच्या शेवटच्या धड्यांत येतो. ज्या वाक्याने रोज गोंधळ होतो ते त्या धड्यात सापडले की ते कायमचे तुमचे होईल.

शेवटी शेजारच्या आजी. सकाळी पाठीवर पिशवी घेऊन निघालेल्या मुलीला जपानी शेजारी सहसा जे विचारतात ते आहे ‘ओदेकाके देसु का’, म्हणजे “बाहेर निघालात का?” त्या वयाच्या ओकायामाकरांच्या तोंडी ‘दा’ चा ‘जा’ होतो, ‘कारा’ चा ‘केए’ होतो आणि ‘फार’ या अर्थी ‘देएरेए’ येते, त्यामुळे पुस्तकातली जपानी शिकलेल्या तुम्हाला त्यांचे पुढचे बोलणे कळले नाही यात तुमचा दोष नाही. त्यांना तुमचा पत्ता किंवा काम जाणून घ्यायचे नसते. आपल्याकडे ओट्यावर बसलेले कोणी “काय, कुठे निघालात?” असे विचारतात आणि आपण “हे इथवर” असे म्हणतो, कोणी खरे ठिकाण सांगत नाही, अगदी तोच हा व्यवहार आहे, आणि त्याचे उत्तरही तेच आहे : ‘एए, चोत्तो सोको मादे’, “हो, जरा इथवर.” मग त्या ‘इत्तेराश्शाइ’ म्हणतील, म्हणजे “जाऊन या”. त्यावर तुम्ही ‘इत्ते किमासु’ म्हणायचे. त्याचा शब्दशः अर्थ “जाऊन येते” असाच आहे, आणि घरातून निघताना नुसते “जाते” म्हणू नये, हे तुम्हाला सांगलीच्या घरी कोणीतरी शिकवलेलेच असणार. उद्या सकाळी दोन मिनिटे आधी निघा.